बुढीचा बारावा आवाज

माझी बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. आमच्याकडे बायकोला बुढी म्हणतात, मी ती जवान होती तेव्हापासून म्हणायचो. तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलो, म्हणून हे लिहितो आहे, आणि पुस्तकी लिहितो, कारण मास्तरांनी तसंच शिकवलं. तोंडाने मी अजून मला-तुला नाही, मले-तुलेच बोलतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

आम्ही अमरावतीजवळच्या वलगावचे. जन्मभर मी विहिरीवरच्या मोटारी बांधल्या. जळालेली वाइंडिंग काढायची, नवी तार भरायची. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच ऐकून मी सांगायचो, हिचं बेअरिंग चाललं, ही आठ दिवसांत जळते. लोक मानायचे. आता दुकान मुलगा पाहतो.

त्याची पोरगी, माझी नात, दहावीनंतर अकोल्याला गेली. डॉक्टर व्हायचं होतं. क्लास लावला, जठारपेठेत मुलींच्या होस्टेलवर ठेवली. बुढी तिला रोज मोबाईलमध्ये बोलून पाठवायची. बटण दाबून धरायचं मीच शिकवलं होतं. मोबाईल तोंडाशी धरायची आणि ओरडायची, अकोल्यापर्यंत स्वतःलाच आवाज द्यायचा असल्यासारखी.

"जेवली काय माय? काहून बोलून नाही राहिली?"

पहिल्या दिवाळीला पोरगी आली. दुकानात येऊन म्हणाली, "आबाजी, मला पाणी द्या ना." तिथे दोन गिऱ्हाईक बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "मला? काय व बाई, अकोल्याले गेलती की पुण्याले?" ते हसले, मीही हसलो. तीही हसली. मग चार दिवस मी तिला पुणेवाली म्हणूनच हाक मारली. पुणेवालीले करंजी द्या, पुणेवालीले उठवा. गल्लीतली पोरंही तेच म्हणायला लागली. चौथ्या दिवशी तिने पाणी मागितलं ते पेला दाखवून. मी म्हटलं, शहरात राहून पोरगी गंभीर झाली.

बुढीने ओळखलं होतं. तिला बसमध्ये बसवून परत येताना म्हणाली, पोरीचा आवाज बदलला हाय, तुमी अकोल्याले जाऊन पाहा. मी म्हटलं, अभ्यास असन. ती म्हणाली, "मोटारीचं तर तुमाले बाहेरून समजते." मी दुकानाकडे वळलो. त्या दिवसांत काम होतं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी चहा गाळता गाळता बुढी खाली बसली, ती उठली नाही. नात आली. रडली नाही. तेरवीपर्यंत कोपऱ्यात मोबाईल कानाला लावून बसायची. बाया आपसात बोलल्या, आजी गेली तरी इचा मोबाईल सुटत नाही. मीही सगळ्यांदेखत ओरडलो तिच्यावर. ती आजीचे आवाज ऐकत होती, हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलंही नाही. मोबाईल खाली ठेवला, आणि तेरवी झाल्यावर अकोल्याला परत गेली.

त्यानंतर ती फोन उचलेना. लिहून पाठवायची. जेवले. ठीक आहे. अभ्यास आहे. उन्हाळ्यात आली तेव्हा आपली सायकल शेजारच्या पोरीला देऊन टाकली. चांगल्या दोन ओढण्या मावसबहिणीला दिल्या. आम्ही म्हटलं, पोरीचं मन मोठं आहे.

श्रावणात एका दुपारी माझा मोबाईल वाजायला लागला, थांबेचना. नातीने बुढीचे आवाज एकामागून एक पाठवले होते. खाली लिहिलं होतं, "आबाजी, आजीला तुमच्याजवळ ठेवा. माझ्याजवळ आता राहणार नाही." मला वाटलं तिचा मोबाईल बिघडला असेल. खोटं कशाला सांगू, मी खूश झालो. इतक्या महिन्यांनी बायकोचा आवाज घरात आला होता. अकरा ऐकले. मग बारावा लावला.

बाराव्यातही बुढीच होती. जेवली काय माय. मग परत तेच, आणि परत, मागे बॅन्जो लावलेला, तिचा आवाज कुठे बारीक केलेला, कुठे जाड. आणि पोरींचं हसणं. शेवटी एक पोरगी बुढीसारखा आवाज काढून म्हणत होती, "ए मले, आजी वर बोलावून राहिली तुले. जात काहून नाही?"

मी तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला, मोटार ऐकायचो तसा. मग खालची ओळ परत वाचली. माझ्याजवळ आता राहणार नाही.

फोन लावला, उचलला नाही. मुलगा तांब्याची तार आणायला धामणगावला गेला होता. सुनेला म्हटलं, तू लावत राह्य, थांबू नको. अंगावरच्या कपड्यांनिशी अमरावतीला आलो आणि अकोल्याची बस धरली. बस प्रत्येक फाट्यावर थांबायची. पुढच्या सीटवर कॉलेजच्या पोरी मोबाईलमध्ये पाहून हसत होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

बस मूर्तिजापूरला आली तेव्हा कुठे होस्टेल सांभाळणाऱ्या बाईने माझा फोन उचलला. म्हणाली, खोलीत आहे काका, दार लावलंय, झोपली असेल. मी म्हटलं, "बाई, आत्ताच्या आत्ता वर जा. दार उघडत नसन तर तोडा, अन् मी येतपर्यंत तिच्याजवळून हलू नका." बाई लगेच निघाली. तिच्या चपला जिन्यावर वाजलेल्या मला ऐकू आल्या आणि फोन कट झाला. तिथून अकोल्यापर्यंत मी रस्त्याकडे पाहत होतो. काय दिसलं, विचाराल तर सांगता येणार नाही.

ती होती. खाटेवर बसली होती, बाई बाजूला. गादी गुंडाळलेली, पुस्तकं सुतळीने बांधलेली, भिंतीवरचे कागद काढून घेतलेले. बाई म्हणाली, तीन आठवडे क्लासला गेली नाही. मी नातीच्या पायाशी बसलो. म्हटलं, "मले काहून नाही सांगतलं, माय?"

तिने मोबाईलमध्ये लिहिलं आणि माझ्या हातात दिला. मी हळू वाचतो. एकेक अक्षर वाचलं.

तुम्हीपण हसले होते.

बाकीचं मग तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही लिहूनच. पहिल्याच आठवड्यात क्लासात उभी राहून म्हणाली, सर, मले नाही समजलं. सगळा क्लास हसला. तेव्हापासून तिचं नाव मले. वहीवर मले, पाण्याच्या बाटलीवर मले. खोलीतल्या पोरीने एकदा तिच्या मोबाईलवरून आजीचा आवाज घेतला, आजी गेल्यावर त्याचं गाणं करून सगळ्यांना पाठवलं. अकोला काही विलायत नाही. त्या पोरींच्या आज्याही मलेच म्हणत असतील. पण तिकडे त्या तिला मले म्हणू देत नव्हत्या, आणि घरी मी मला म्हणू दिलं नाही. पोरीने बोलायचं कुठे?

क्लासच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, काका, या वयात मस्करी चालते, पोरीने थोडं घट्ट व्हावं. मी त्यांच्या टेबलावर बारावा आवाज लावला. तो संपेपर्यंत ते टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, बघतो. अजून बघतच आहेत.

अमरावतीला मनाच्या डॉक्टरीणबाईकडे नेतो. वयाने माझ्या सुनेएवढ्या आहेत. मी म्हटलं, आमच्या काळात नव्हतं हे. त्या म्हणाल्या, होतं, पण शाळा सुटली की मागे राहायचं, आता ते मोबाईलमधून उशीपर्यंत येतं. आणि हे अकोल्यातलंच नाही, जगभर लेकरं अशीच चालली आहेत, श्रीमंत मुलखातलीही. आधी झोप जाते, मग जेवण, मग बोलणं. तिथून कोणी परत येतं, कोणी येत नाही. आमची कोणत्यातली, मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकटी सोडू नका.

घरी आल्यावर सगळ्या दारांच्या कड्या मी माझ्या हाताने काढल्या. न्हाणीचीही. बुढीचा आवाज घरात लावत नाही, लावला की नात कानावर हात ठेवते. मुलगा म्हणतो, तो बारावा तरी पुसून टाका. पण त्यातही बुढीच आहे.

ती आंघोळीला गेली की मी न्हाणीबाहेर पायरीवर बसतो. मधून मधून विचारतो, "हायेस काय माय?" ती आतून बादलीवर एक टक करते. तेवढंच आमचं बोलणं आहे.

काल विचारलं आणि टक आली नाही. पाणी पडत होतं, मग तेही थांबलं. मी परत विचारलं. उठून दारावर हात ठेवला, ढकलायला. तेव्हा आली, एकदाच, हळू.

मी परत खाली बसलो. हात मात्र दारावरच होता.