सिरीयस

पालकसभेत सकाळपासून मी एकच वाक्य बोलत होते, "मुलगा हुशार आहे, पण सिरीयस नाही." घरी माझी लेक तर भाजीत मीठ कमी पडलं तरी "सिरीयसली, आई?" म्हणते. कळवणला, माझ्या माहेरी, माणूस सिरीयस होतो तो फक्त दवाखान्यात. मग सगळे हातातलं टाकून निघतात.

सभा उरकून मी तशीच इथल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात गेले. काका अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून घेऊन आले होते. पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "शुगर सिरीयसली घ्यायला हवी. दोन दिवस इथंच ठेवू." मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात काकांनी गावी फोन लावला, "डॉक्टरनं सिरीयस सांगितलं. ठेवून घेतलंय. निघा लवकर."

दिवेलागणीला गाडी भरून माणसं आली. आत्या तर जिन्यातच रडायला लागली. अण्णा कॉटवर मांडी घालून उपमा खात होते. दचकून म्हणाले, "कोण गेलं?"

सगळ्यांच्या मागे माझा मोठा भाऊ उभा होता. विहिरीच्या वाटणीवरून त्याचं नि अण्णांचं बोलणं बंद होतं. एकाच गल्लीत राहून.

"तू बी आला?"

"सिरीयस सांगितलं ना."

"मी नाय. शुगर."

भाऊ पायथ्याशी बसला. त्यानं वाकून जखम बघितली. "कवापासून हे?"

"पोळ्यापासून."

"सांगायचं ना."

"कुणाला सांगू?"

मी दाराला टेकून उभी होते. बापलेक बोलले याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एवढ्या माणसांच्या भाकरी, गाद्या आणि सकाळची शाळा होती. रडायचंही अंगात त्राण नव्हतं. भाऊच उठला, म्हणाला, "तू जा घरी. मी थांबतो इथं."

तो दोन्ही दिवस थांबला. नंतर अण्णांना आपल्याच घरी घेऊन गेला. आता ड्रेसिंग तोच करतो. विहिरीचा विषय दोघंही काढत नाहीत. फोनवर एवढंच सांगतो, "आज बरी हे जखम."

पुढच्या रविवारी मी दुपारी जेवून आडवी झाले, ती लेकीनं चहाला उठवेपर्यंत झोपले.