हातमोज्यात फुंकणाऱ्या अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही. अनोळखी नंबर, पलीकडे रडका आवाज, "अम्मा, अक्का चले गए…" मी म्हटलं, कौन अक्का? तुम कौन बोलते? हल्ली फोनवर रडून पैसे उकळणारे थोडे आहेत का! अक्कांच्या खोलीच्या दाराचा रंग कोणता ते विचारलं, घरमालकीणबाईंचं नाव विचारलं. शेवटी पलीकडची बाई वैतागून म्हणाली, "आके देखो ना अम्मा!" तेव्हा कुठं मी आवाज ओळखला. ती यादम्मा होती. हॉस्पिटलात अक्कांच्या हाताखाली साफसफाईचं काम केलेली. दर रविवारी ती नल्लकुंट्याला अक्कांच्या खोलीवर जायची. त्या दुपारी दार वाजवून वाजवून दमली, मालकीणबाईंनी दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं तर अक्का खाटेवर शांत पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. आमच्या काचीगुड्याहून रिक्षात बसले आणि मनात आलं, मी त्या बिचारीची उलटतपासणी घेतली हे अक्कांना कळलं असतं तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती. 'बरं केलंस लता, विचारून घ्यावं माणसानं.' मग मात्र मला रडू आवरेना.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, सुमन. नणंद-भावजयीत संशय असतोच म्हणा, पण अक्कांचा संशय माझ्यापुरता नव्हता, तो साऱ्या दुनियेवर सारखा वाटलेला होता. गॅसची टाकी आली की साबणाचा फेस लावून बघायच्या. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायच्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातच्या वरणात चमचा घालून त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आता जन्मभर हे असंच! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. अक्कांचं तोंड लग्नात पोळलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत परमनंट आहे असं सांगून उदगीरकडच्या एका घरात त्यांना दिलं. नोकरी नव्हतीच, आणि दारूचं तर कुणी सांगितलंच नव्हतं. सहा महिन्यांत अक्का परत आल्या त्या कायमच्या. माझे सासरे भोळे, माणसाच्या शब्दावर चालणारे. अक्का म्हणायच्या, "आमच्या बापानं शब्द घेतला, मी तेवढी दिली गेले."

परत आल्यावर मलकपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात त्या आया म्हणून लागल्या आणि चढत चढत सफाईच्या बायांवरच्या सुपरवायझर झाल्या. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आमचे हे, म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ अशोक, तिथंच स्टोअरकीपर. अक्कांनीच चिकटवलं होतं त्यांना. तिथं मागच्या बाजूला लिफ्टजवळ एक अंधारी खोली होती. रोज सकाळी बाया जमल्या की अक्का प्रत्येकीचे रबरी हातमोजे हातात घ्यायच्या, तोंडाशी धरून जोरात फुंकायच्या, मनगटाशी पीळ द्यायच्या आणि तो फुगा गालाला लावायच्या. कुठं बारीक भोक असलं तर हवा गालाला लागते. लागली की मोजा फेकून द्यायचा. बाया हसायच्या, "अक्काके गुब्बारे" म्हणायच्या. अक्का हसायच्या नाहीत. त्यांचं एकच म्हणणं होतं. "आपल्या आज्यानं गावची मेलेली ढोरं उघड्या हातानं ओढली. आता शहरात, हॉस्पिटलात येऊनही उघड्याच हातानं? नक्को."

मग इथल्या तेलुगू राज्याची वाटणी झाली. ती वर्षं आठवली की मला आधी आठवतात ते लोकांचे डोळे. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघायचा… हा इकडचा की तिकडचा, हा राहणार की विजयवाड्याला जाणार, ह्याच्यासमोर बोलावं की नको. आम्हा मराठी माणसांना कुणी विचारलं, की अक्का सांगायच्या, "आम्ही मागच्या वाटणीतले उरलेले आहोत बाबा. मराठी मुलूख तिकडं गेला, आम्ही इथंच राहिलो." हॉस्पिटलच्या मालकांतही वाटणी झाली. निम्मे डॉक्टर गेले, नवे लोक आले, नवा मॅनेजर आला आणि सफाईचं काम एका एजन्सीकडे दिलं. पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्या बाया एका सकाळी एजन्सीच्या झाल्या. साड्यांचा रंग बदलला, वर जाडजूड रबरी मोज्यांच्या जागी पातळ मोज्यांचे सीलबंद डबे यायला लागले. माल एजन्सीचा, पण यायचा तो आमच्या ह्यांच्या स्टोअरमधून, ह्यांच्या सहीनं. आणि पहिलाच नियम काय, तर मोज्यात कुणी फुंकायचं नाही! तोंड लावणं म्हणजे घाण, म्हणे. डबा बायांच्या हातात सीलबंदच गेला पाहिजे. अक्कांना त्या दिवसापासून चैन पडेना. "फुंकू देत नाहीत म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी," असं त्या मला तीनतीनदा म्हणाल्या.

त्याच सुमारास माझ्या घरात मी एक वेगळाच संशय पाळून बसले होते. ह्यांच्या शर्टाला वास यायला लागला. मोगऱ्याच्या पावडरीचा, तोही स्वस्तातल्या. मी काय समजायचं ते समजले. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावर चार केस, आणि हे थेर! एक दिवस सरळ विचारलं. हे वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "स्टोअरमध्ये नवीन माल आलाय, त्याचा वास आहे तो." माझा कसला विश्वास बसतो! दुसऱ्या दिवशी डबा विसरलात म्हणून डबा घेऊन मी स्टोअरवर धाडकन जाऊन उभी राहिले. आत बाई ना माणूस, नुसती खोक्यांची भिंत, आणि आमचे हे स्टुलावर बसून पंख्याखाली पेंगताहेत. मी हसत हसत घरी आले. ते हसू काही फार दिवस टिकलं नाही.

आधी यादम्माचं झालं. ऑपरेशनच्या खोलीत सांडलेलं रक्त पुसून ती बाहेर आली, मोजा काढला तर आतला हात लाल. तिच्या बोटावर चुलीच्या चटक्याची ताजी जखम होती. अक्कांनीच तिला नळाखाली नेलं, डॉक्टरांसमोर उभं केलं, रक्तातून रोग लागू नये म्हणून गोळ्या सुरू करून घेतल्या. रक्ताचे रिपोर्ट यायचे, मग काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तोवर ती नवऱ्याला काय सांगणार, लेकरांना कशी जवळ घेणार… त्या संध्याकाळी अक्कांनी नियम बियम गुंडाळून ठेवला, नवाकोरा डबा फोडला आणि एकेक मोजा फुंकत बसल्या. ह्याच्या बोटातून हवा, त्याच्या तळव्यातून हवा. सीलबंद डब्यातले मोजे वापरलेले होते. धुऊन, वाळवून, वर पावडर मारून पुन्हा भरलेले.

रविवारी अक्का आमच्याकडे आल्या. हे बाजारात गेले होते. अक्कांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक मोजा काढला आणि माझ्या नाकाशी धरला. "वास घे. कशाचा आहे?" मी वास घेतला, आणि माझ्या तोंडाला कुठलं आलंय कुलूप, मी पटकन बोलून गेले, "अगं बाई! हा तर ह्यांच्या शर्टाचा वास!"

अक्कांनी मोजा खाली घेतला. "कधीपासून?"

"झाले की दोन-तीन महिने. मी विचारलं तर म्हणाले, नव्या मालाचा वास."

"असं म्हणाला अशोक?"

"हौ."

त्यांनी मोजा परत कागदात गुंडाळला. चहा ठेवला होता तो न घेताच त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या. मी दारात उभी, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय बोलून बसले. रोज त्या खोक्यांत बसणाऱ्या माणसाला वास आला होता. मालाला वास आहे हे त्याला ठाऊक होतं. मग बाकीचं ठाऊक होतं की नव्हतं? माझा नवरा नुसता पेंगणारा माणूस होता, की सगळं कळून पेंगणारा? हे बाजारातून आले, मी पिशवी घेतली, भाजी निवडायला बसले आणि मला विचारवेना.

पुढं अक्का आमच्याकडे फिरकल्या नाहीत. हॉस्पिटलात त्यांनी सांगून टाकलं, जाड रबरी मोजे माझ्यासमोर फुंकून मिळाल्याशिवाय माझी एकही बाई कचऱ्याच्या पिशवीला हात लावणार नाही. दोन दिवस पिशव्या साठल्या, वास सुटला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं अक्कांना बोलावलं. यादम्मा त्यांच्याबरोबर आत होती, तिनंच मला हे सगळं मागाहून सांगितलं. मॅनेजर गोड बोलत होता. "अक्का, तक्रार करा ना, जरूर करा. पण माल स्टोअरमधून जातो. सही स्टोअरकीपरची. तो तुमचाच भाऊ ना? चौकशी झाली तर पहिला कोण सापडेल?" यादम्मा सांगत होती, अक्का थोडा वेळ खाली बघत राहिल्या. तिला वाटलं, संपलं, आता अक्का गप्प बसणार. सख्खा भाऊ आहे, कोण बोलेल? मग अक्कांनी मान वर केली. "माझ्या भावाला मी विचारून घेतलंय. त्याला काही ठाऊक नव्हतं. आता पुढं बोला."

सगळं हॉस्पिटल अक्कांना ओळखत होतं. जी बाई पाण्याचा ग्लास उजेडात धरल्याशिवाय तोंडाला लावत नाही, ती विचारून घेतलंय म्हणते म्हटल्यावर मॅनेजर तरी काय बोलणार? तक्रार बाहेर जाण्याआधी एजन्सी गेली. जाड मोजे आले, गमबूटसुद्धा आले. ह्यांच्या नोकरीला धक्का लागला नाही. अक्कांची मात्र बदली झाली, गावाबाहेरच्या नव्या शाखेत, दोन बस बदलून जायच्या. त्या दुसऱ्या दिवसापासून तिकडे जायला लागल्या. यादम्माचे दोन्ही रिपोर्ट चांगले आले, त्या दिवशी ती तांदळाची खीर घेऊन अक्कांकडे गेली होती. अक्कांनी आधी खीर हलवून तळ पाहिला, मग खाल्ली.

आणि एका रविवारी अक्का पहिल्यासारख्या आमच्याकडे जेवायला आल्या. भावाच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली, वरण उजेडात धरून पाहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, चला, बहीणभावाचं बोलणं झालं, तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, मिटलं. अक्कांनी विचारलंय म्हणजे खोदून खोदूनच विचारलं असणार. माझ्या नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं, हे त्यांनी ठोकून बघितलंय, मग मला आणखी काय पाहिजे? त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं बिनघोर झोपले. अक्का आमच्या घरात कशाकशावर संशय घ्यायच्या, दुधावर, केबलवाल्यावर, माझ्या माहेरच्यांवर तर हमखास. मी चिडायची, भांडायची, पण मनातून मला त्याचा आधार वाटायचा. त्यांच्या नजरेखालून गेलेली गोष्ट खोटी नाही, असं मी धरूनच चालले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मागच्या आठवड्यात आम्ही दोघं नल्लकुंट्याला त्यांची खोली रिकामी करायला गेलो. कितीसं सामान! एक खाट, एक कपाट, स्टीलचे डबे. आता हे निवृत्त झालेत, गुडघे दुखतात, म्हणून ते खाटेवर बसून खिडकीचे पडदे घडी करत होते आणि मी डबे बांधत होते. बोलता बोलता अक्कांच्या बोलण्याची आठवण निघाली. मी हसत म्हटलं, "अहो, त्या मोज्यांच्या वेळी त्यांनी तुम्हाला विचारलं तरी कसं? सरळ विचारणाऱ्यातल्या नव्हत्या त्या. तुम्हाला तर चांगलंच पिळून काढलं असेल."

हे पडद्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "कधी? तिनं मला कधीच विचारलं नाही."

"असं कसं? मॅनेजरसमोर सांगितलं ना त्यांनी, विचारलंय म्हणून!"

"सांगितलं असेल. मला नाही विचारलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

खाली मालकीणबाई किल्ली कधी देता म्हणून हाक मारत होत्या. मी आलेच म्हटलं आणि जिना उतरले. घरी येताना रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, मांडीवर डब्यांचं गाठोडं घेऊन. आज आठ दिवस झाले. ह्यांनी काय सांगितलं असतं, ते मीही अजून विचारलेलं नाही.