फोटोशिवाय केळी

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "हसायचं नाही, टाके ताणतात." बारामतीतल्या त्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात झोपून हसायचं नाही, हे कसं जमावं? उजवीकडची आजी झोपेत म्हशीला शिव्या द्यायची, "मागं सर की गं भवाने!" मोना सिस्टर सलाईन लावता लावता मोबाईलकडं बघून म्हणायच्या, "हाय फ्रेंड्स, ड्युटी मूड!" आणि त्याच श्वासात माझ्यावर, "ए, हात हलवू नको, सुई हाय!" घरी पणदऱ्याला आल्यावर मी हे सगळे आवाज काढून दाखवले, तर घरचे हसून हसून लोळले. मग आईनं विचारलं, "आन् स्वरूपा सिस्टर?" आणि मी तोंड उघडलं. तो आवाज निघेचना. म्हणून हे लिहायला घेतलं.

लिहिण्याआधी मी ज्याला-त्याला विचारून घेतलंय. मोना सिस्टर म्हणाल्या, "लिही, पण मला गोरी लिही." कुशामावशी म्हणाल्या, "लिही बया, फकस्त माझं वजन लिहू नको." स्वरूपा सिस्टर म्हणाल्या, "माझं काय, माझं आधीच पेपरात येऊन गेलंय." ते कसं, ते पुढं येईलच. दादासोंना विचारायची काही माझी छाती झाली नाही, म्हणून त्यांचं नाव बदललंय. ओळखलंत, तर तोंड मिटून बसा.

स्वरूपा सिस्टर इंदापूर तालुक्यातल्या. त्यांचे वडील सोनबा मेंढरं राखायचे. आता कळप उरलेला नाही, भावाकडं चार मेंढरं आणि थोडी शेती आहे. सिस्टर तिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि बोलणं असं की ऐकायला पुढं वाकावं लागतं. त्या आल्या की वॉर्डातला गोंगाट आपोआप खाली बसायचा. मोबाईल त्यांच्याकडंही होता. इन्स्टावर पानही होतं, पण त्यावर फक्त कोकरं. कोकरू दूध पिताना, कोकरू ट्रॅक्टरवर, कोकरू तोंडात चप्पल धरून. माणूस एकही नाही.

"मॅडमचं पेज म्हणजे मटणाचं दुकान!" मोना सिस्टर चिडवायच्या. "अहो, युनिफॉर्ममधला एखादा टाका. लाईक बघा कसे पडत्यात."

"युनिफॉर्ममधी मी एकटी कुठं असते?" स्वरूपा सिस्टर म्हणायच्या. "माझ्या मागं खाट असती. खाटंवर कोणतरी असतं."

"मग कोकराला इचारता व्हय?"

"इचारते की. तोंड फिरवलं तर न्हाय काढत."

माझ्या डावीकडच्या खाटेवर कुशामावशी. गाव भिगवणच्या अलीकडं. छातीत कळ येऊन पडल्या होत्या. आयसीयूतून नुकत्याच वॉर्डात आणलेल्या, छातीला वायरी, उशाशी टुक टुक करणारं मशीन. त्यांना हार्टपेक्षा मोठी काळजी होती ती लेकाची. ऋषिराज पुण्यात होता आणि दोन दिवसांनी सकाळी त्याचं पोलीस भरतीचं ग्राउंड होतं. गेल्या भरतीला आजी आजारी म्हणून कळलं, तसा हा ग्राउंड सोडून, बूट हातात घेऊन घरी आला होता. आता वय संपत आलेलं. ही शेवटची भरती.

"त्याला कळलं तर परत तसाच पळत यील," मावशी म्हणायच्या. "सोळाशे मीटर पळायचं सोडून माझ्याकडं पळंल गाढव."

म्हणून त्यांच्या मालकांनी, सर्जेरावांनी, लेकाला फोनवर थाप मारलेली, "तुझी आय मामाच्या गावाला गेलीया, तितं रेंज न्हाय." बोलताना बिचारे इतके घाबरायचे की दवाखान्यातला पंखासुद्धा बंद करायला लावायचे, म्हणजे आवाज जायला नको.

मावशींनी स्वरूपा सिस्टरांचा हात धरून विचारलं होतं, "ह्यातलं बाहेर जायचं न्हाय ना?"

"तुमी हितं हाय, हे बी मी कुणाला सांगितलेलं न्हाय," सिस्टर म्हणाल्या. झालं. मावशी त्या दुपारी पहिल्यांदा घोरल्या.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ग्राउंडच्या आदल्या सकाळी, दादासोंचा वाढदिवस उजाडला.

दादासो म्हणजे आमच्या भागातले युवा नेते. रस्त्यात प्रत्येक खांबावर हसतात. वाढदिवसाला दवाखान्यात जाऊन रुग्णांना फळवाटप करायचं आणि ते फेसबुकवर लाईव्ह दाखवायचं, हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज. जिन्यातून घोषणा ऐकू आल्या, तशा कुशामावशी पांढऱ्या पडल्या. "आगं बया! ऋषीच्या खोलीतली समदी पोरं ह्याचंच बघत्यात. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या फोनात दादासोच!"

स्वरूपा सिस्टर दारात जाऊन उभ्या राहिल्या. समोर दहा-बारा पोरं, केळ्यांचे घड, मधोमध पांढऱ्या कपड्यातले दादासो आणि पुढं काठीला मोबाईल लावलेला एक पोरगा.

"या, केळी वाटा," सिस्टर म्हणाल्या. "फोटो न्हाय काढायचा."

"ताई, मोठ्या डॉक्टरांची परवानगी हाय!"

"केळ्यांची हाय. तोंडांची न्हाय."

पोरगा गोंधळला. "पण मग फोटोशिवाय केळी द्यायची कशी?"

"हातानं."

मला हसू आलं, टाके ताणले, मी उशी पोटावर दाबली. पण तेवढ्यात वॉर्डाचं दुसरं दार करकरलं. मोना सिस्टर! केसांवरून हात फिरवत, "या ना दादासो, हिकडनं या, उजेड चांगला हाय." आणि सगळी वरात त्या दारानं आत.

पहिलं केळं म्हशीवाल्या आजीला. "फोटू कुठं येणार रं?" आजीनं विचारलं. "जगभर, आजी!" "मग थांब, कवळी लावू दे." मग माझा नंबर. मला तर तेव्हा पाणीसुद्धा चमच्यानं होतं. मी तसं सांगितलं, तर काठीवाला म्हणतो, "खाऊ नको गं. नुसतं धर आन् खूश दिस."

पुढची खाट मावशींची. मावशींनी चादर डोक्यावरून घेतली. उशाशी टुक टुक जोरात व्हायला लागलं.

"मावशे, तोंडावरनं चादर काढा! दादासो आल्यात, दादासो! लोकं बघत्यात!"

चादरीच्या आतून आवाज, "ठिवा हितंच."

"असं कसं? चेहरा दिसाय पायजे!" आणि त्यानं चादरीच्या टोकाला हात घातला.

स्वरूपा सिस्टर कधी मधे येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या पोराकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दादासोंकडं बघत होत्या.

"तुमाला घाम आलाय," त्या म्हणाल्या.

"उन्हाचा हाय," दादासो म्हणाले.

"हितं ऊन न्हाय. बसा." आणि स्टूल पुढं सरकवलं. इतका मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा बसला. सिस्टरांनी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

काठीवाला तर हरखूनच गेला. "मित्रांनो, बघा! साहेब सोता तपासणी करून घेत्यात! एक नंबर!"

मशीन घुर्र करून फुगलं, सुस्कारा टाकून बसलं. आकडा उमटायच्या आत सिस्टरांनी मशीन स्वतःकडं वळवलं आणि वरून पंजा धरला. पंज्याखाली बघितलं. मग वाकून दादासोंच्या कानात काहीतरी म्हणाल्या.

शेजारच्या घरात कुणाला उचकी लागली तरी मला कळतं, ती कुणाची. पण त्या हातभर अंतरावर काय बोलल्या, ते मला आजतागायत माहीत नाही. खांबावरचं ते हसू मात्र मी उतरताना बघितलं. आधी डोळ्यांतून गेलं, मग मिशीतून.

"कुणाला बोलू नका," दादासो पुटपुटले. हे मला ऐकू आलं. "निवडणूक तोंडावर हाय."

"हितलं कुणाचंच बाहेर जात न्हाय," सिस्टर म्हणाल्या. पंजा अजून मशीनवरच होता. दुसरा हात त्यांनी मावशींच्या चादरीवर ठेवला. "तुमचं बी न्हाय, ह्यांचं बी न्हाय."

"साहेब," काठीवाला मधेच, "कमेंटमधी इचारत्यात, बीपी किती?"

दादासोंनी त्या मोबाईलकडं बघितलं. मग चादरीखालच्या त्या गाठोड्याकडं बघितलं. टुक टुक टुक टुक.

"बंद कर," ते म्हणाले.

"साहेब, लाईव्ह चालूय..."

"बंद कर म्हणतो न्हवं! आन् झालंय ते बी उडव!"

"लाईक पडायला लागल्यात ओ!"

"माझ्यासमोर उडव!"

उडवलं. मग दादासो उठले आणि उरलेली केळी त्यांनी स्वतः वाटली. काय सांगू, कॅमेरा नसला की त्यांना केळं कसं द्यायचं तेच कळेना. कधी देठाकडून पुढं करायचे, कधी शेंड्याकडून. एका बाईला म्हणाले, "बरं वाटतंय का?" आणि उत्तर ऐकायला थांबले. ती बाई दचकलीच. मग सिस्टर त्यांना खाली डॉक्टरांकडं घेऊन गेल्या, मागच्या जिन्यानं, कुणाला दिसणार नाही असं.

दुपारी मोना सिस्टर कोपऱ्यात बसून आपल्या मोबाईलमधलं एकेक पुसत होत्या. डोळे लाल. "तुमाला कसं वो कळतं, कुणाला नको असतं ते?" त्यांनी विचारलं.

स्वरूपा सिस्टर गोळ्या वाटत होत्या. वाटता वाटताच बोलल्या. "मी चौथी पोरगी. घरच्यांनी नाव ठिवलं नकोशी. मी सहावीत असताना एका संस्थेनं कार्यक्रम घेतला, अशा पोरींना नवी नावं द्यायचा. स्टेजवर बोलवलं, फ्रॉक दिला, नाव दिलं स्वरूपा. नाव चांगलं हुतं, फ्रॉक बी चांगला हुता. आन् पेपरात फोटो आला. खाली छापलं, नकोशी झाली स्वरूपा. आमच्या वस्तीपुरतं ठावं असलेलं नाव तालुक्याला ठावं झालं. नर्सिंगच्या हॉस्टेलात गेले, तर पयल्याच दिवशी एकीनं मागनं हाक मारली, ए नकोशे." त्यांनी मला गोळी दिली, पाण्याचा चमचा दिला. "द्यायला आल्याल्यांवर माझा राग न्हाय. मला कुणी इचारलं न्हवतं, एवढंच."

मोना सिस्टरांनी मोबाईल खिशात घातला. चादरीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सकाळपासून घड्याळावरची नजर काढली नाही. चहा निवला. सर्जेराव जिन्यात उभे, फोन हातात, पण लावायची हिंमत नाही. शेवटी लेकाचाच फोन आला. ते काय बोलले ते लांबून ऐकू आलं नाही, पण त्यांनी टोपी काढली आणि त्याच टोपीनं डोळे पुसले. मग लेकाला खरं सांगितलं.

संध्याकाळी वॉर्डाच्या दारात एक उंच पोरगा आला. बुटांना अजून मैदानाची तांबडी माती. धापा टाकत म्हणाला, "कुशाबाई... माझी आई हितं हाय का?"

स्वरूपा सिस्टरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बाकावर बसा. बघते."

"अवो, आबांनीच धाडलंय मला!"

"बसा."

त्या सावकाश मावशींपाशी आल्या आणि वाकल्या. "दारात एक पोरगा आलाय. उंच हाय, बुटाला माती हाय. आत सोडू का?"

मावशी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "आगं, तो माझाच हाय!"

"तुमचाच हाय, म्हणून तर इचारलं."

मावशींनी केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. मग मान हलवली. ऋषिराज आत आला, खाटेशी बसला आणि एवढंच म्हणाला, "पळालो आय. समद्यांच्या म्होरं."

स्वरूपा सिस्टरांनी खाटेभोवती पडदा ओढून घेतला. मी माझ्या उशीवर तशीच पडून राहिले. पडदा पातळ, माझे कान असे. आतलं सगळं मला ऐकू आलं. पण ते आवाज मी घरी कुणाला काढून दाखवले नाहीत.