चोपणातली करडई

वाटणीत आमच्या वाट्याला चोपण आलं. वाटूरच्या रस्त्याला लागून असलेला तो तुकडा बोअरच्या मचूळ पाण्यानं मीठ वर येऊन पांढराफटक पडला होता. ओला झाला की पाय रुतायचा, वाळला की कुदळ उडायची. घरधनी मंठ्याला नोकरीला, म्हणून शेती मीच बघते.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तिथं काय बी येत न्हाई. शेततळं खोदू. पाणी दोघांना बराबर."

"खड्डा तुमच्या वाट्यात खोदा, भाऊजी."

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. एक रब्बी बघायची. पिकलं तर तुकडा मीच कसायचा, नाहीतर तिथं शेततळं.

शेतीशाळेत मला खार सोसणाऱ्या जिवाणूंची बाटली मिळाली होती. ते मुळांशी राहतात आणि रोपाला खारात तग धरायला मदत करतात, एवढं मला समजलं. दीर हसले. "मिठात किडे सोडून राह्यल्या का, वहिनी?"

"दुधाला विरजण लावता तेव्हा हसता का?" मी विचारलं.

करडईच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळले, सावलीत पसरले आणि पेरायची तिफण आणायला गेले. आमच्याकडे सुकवायचं म्हणजे उन्हात. मिरच्या, हळद, कुरड्या, सगळं पत्र्यावर. सासूबाईंनी मायेनंच बियाणं उचललं आणि पत्र्यावर टाकलं. मी परतले तेव्हा पत्रा हाताला चटके देत होता. त्या उन्हात जिवाणू कसले जगतात! दुसरी बाटली नव्हती, पेरणीजोगा वाफसा निघून चालला होता. तेच पेरलं. चार रोपं उगवली, तीही पिवळी पडली. माझा संताप संताप झाला.

"झालं समाधान? जेसीबी सांगून ठेवतो," दीर म्हणाले.

"सांगा. पण जिवाणूंची रब्बी अजून झालीच नाही. ही तर उन्हानं खाल्ली."

"शब्द म्हंजे शब्द, वहिनी."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "बियाणं पत्र्यावर मी टाकल्तं. शब्द बी माझाच व्हता. आणखी एक रब्बी."

उन्हाळ्यात मी पाणी निघून जायला चर खोदले, शेणखत ओतलं. पुढच्या पेरणीला शेतीशाळेतून नवी बाटली आणली आणि जिवाणू चोळलेलं बियाणं माजघरात पसरलं. सासूबाई दारात काठी घेऊन बसल्या. कोंबडीला आत सोडलं नाही, मलाही दोनदा हटकलं.

करडई आली. जिवाणूंनी जादू केली असं मी म्हणणार नाही. चर, खत आणि ते, असं सगळ्यांनी मिळून केलं. मधोमध एक जागा तशीच पांढरी राहिली, पण तिच्या चारी बाजूंनी पीक कमरेला लागलं. बांधावर उभी राहिले की ऊर भरून यायचा.

दिरांना मात्र रस्त्यावरून ती पांढरी जागाच दिसली. काढणीच्या तोंडावर ते जेसीबीवाल्याला घेऊन आले. "वहिनी, मधलं तर उजाडच हाय. तेवढं तरी शेततळ्याला द्या. मापून घेतो."

"घ्या की. शिरा आत."

ते चपलेवरच शिरले. करडई तोवर वाळून कडक झालेली. चार पावलांत पोटऱ्या सोलवटल्या, धोतर अडकलं. जेसीबीवाला बांधावरूनच माघारी फिरला.

"लई काटे हायेत, वहिनी!"

"माझे आहेत," मी म्हणाले. "टोचणारच."