सीटकव्हरची दुहेरी टीप

परवा आईच्या शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी मावसबहिणीचं लग्न आठवलं. आई तेव्हा महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांची सीटकव्हरं शिवायची, कंत्राटावर. लग्नासाठी चिंचवडच्या एका बुटिकच्या काचेतल्या ब्लाउजचा तिने फोटो काढला आणि सुट्टीच्या दिवशी घरी तसाच शिवला, खोल पाठीचा, मोत्यांच्या लटकनांचा. फक्त गळ्याच्या कडेला हाताच्या सवयीने सीटकव्हरची दुहेरी टीप मारून बसली. लग्नात नवरदेवाची आत्या, बोटभर मेकअप थापलेली, आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “अय्या, कुठल्या बुटिकचा हो?” आई खुशीत म्हणाली, “घरीच शिवलाय, ताई.” चटका बसावा तसा आत्याबाईंचा हात मागे गेला. “तरीच! ही टीप बघा, पोतं शिवल्यासारखी.” भोवतीच्या बाया फिदीफिदी हसल्या. ब्लाउज तोच होता, शिवणारी कळली आणि तो यांच्या नजरेतून उतरला! आणि मी काय केलं? लाजून आईचा पदर तिच्या पाठीवर ओढायला गेले. आईने माझा हात झटकला. “पोत्याला नाही, गाडीच्या सीटला मारतात ही टीप,” ती आत्याबाईंना म्हणाली. “नव्या गाडीतनं आलात ना? टेकून बसलात तेव्हा टोचली नाही ती?” आत्याबाई जेवणाच्या पंगतीकडे सटकल्या. आज मी कंपन्यांच्या गेटवर कंत्राटी बायांसाठी पत्रकं वाटते, तावातावाने बोलते. त्या आत्यासारख्यांची मला आजही किळस येते. पण त्याहून जास्त किळस येते पदर ओढायला गेलेल्या माझ्या हाताची.