मामाचा कान, मामीची तहान

माझ्या मामाला धक्क्यावर सगळे 'पंपमामा' म्हणतात, कारण तो बोटींवरच्या संडासांचे पंप दुरुस्त करतो. इंजिनवाला मिस्त्री आला की बोटवाले चहा मागवतात. मामा हत्यारांची पेटी घेऊन आला की तेच लोक नाक मुरडून लांब उभे राहतात. मला याचा भयंकर राग येतो. इंजिन बंद पडलं तर बोट जागच्या जागी थांबते, एवढंच. संडास तुंबला की बोटीवरच्या माणसांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, आणि मग मामाला शोधायला सगळे धावतात.

मामाचं खरं हत्यार म्हणजे त्याचा कान. बोटीवरचा संडास घरच्यासारखा नसतो. हातपंपाचा दांडा मारून बाहेरचं पाणी भांड्यात ओढायचं आणि त्याच दांड्याने सगळं लांबलचक पाईपमधून बोटीच्या पोटातल्या टाकीत ढकलायचं. टाकी मग धक्क्यावर येऊन रिकामी करायची. माणसं घाई करतात, दांडा कमी मारतात, ऐवज पाईपातच राहतो आणि कालांतराने पाईपलाच वास लागतो. म्हणून मामा दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकाला दांडा मारायला आत पाठवतो आणि स्वतः बाहेर डोळे मिटून बसतो. "अजून... अजून थोडं... हां, झाला मोकळा!" झडपेचं रबर झिजलंय की आत कुणी कागद कोंबलाय, हेही त्याला नुसत्या आवाजावरून कळतं.

त्याची स्वतःची एक जुनी केबिनची बोट आहे. दोन बाक, एक शेगडी आणि कपाटाएवढा संडास. दर रविवारी मामा आणि मामी तिच्यातून फिरून यायचे. घरी मामा पेटीत डोकं घालून बसलेला आणि मामी शिलाई मशीनवर. दोघांच्या बोलण्याला मुहूर्त लागायचा. बोटीवर मात्र मामी सुकाणू धरायची, गाणी म्हणायची, मामाला येताजाता टोमणे मारायची, आणि मामा ते ऐकून खूश व्हायचा.

गेल्या वर्षी मामीने बोटीवर जाणं बंद केलं. विचारलं की म्हणायची, "गुडघे दुखतात." बाजारात जाताना, जिने चढताना हे गुडघे कुठे जायचे कोण जाणे. मामा थोडे दिवस एकटाच गेला. मग एकदा त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात मला म्हणाला, "एक गिऱ्हाईक आलंय. विकून टाकतो बोट."

"का रे?"

"ती नाही तर कशाला? एकट्याने पाणी बघत बसायला मला काय वेड लागलंय?"

असं म्हणून तो पान्याने एक नट घट्ट करत बसला, जो आधीच घट्ट होता.

तरी विकण्याआधी त्याने हातपाय मारून पाहायचं ठरवलं. शेवटच्या एकदोन खेपांना मामी बोटीवर पाण्याचा थेंब घेत नव्हती, हे त्याच्या लक्षात होतं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की तिला संडास आवडत नाही. निष्कर्ष बरोबर होता. पुढचं सगळं चुकलं.

आधी वाटलं, दांडा जड जातो. म्हणून त्याने विजेवर चालणारा संडास बसवला, आत सगळं बारीक करणारं पातं असलेला. मामीला कौतुकाने धक्क्यावर घेऊन आला. "बघ, नुसतं बटण दाबायचं!" आणि दाबलं. मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या बोटीतून दोन डोकी बाहेर आली. मामीने पदर सावरला आणि ती सरळ घराच्या वाटेला लागली.

मग त्याने उचलून नेता येणारा संडास आणला. खालची टाकी सुटी, भरली की मुठीला धरून न्यायची आणि ओतून यायची. मामीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं ते तुम्ही हातात घेऊन सगळ्या धक्क्यावरून मिरवणार?"

"मिरवणार कशाला? झाकण घट्ट आहे की."

त्या दिवशी मामा जेवायला माझ्याकडे आला.

शेवटी हातपंपच बरा म्हणून त्याने तोच परत बसवला, नव्या रबरांसकट, आणि पाईपही सगळा नवा टाकला. पाईपला वास लागलाय का हे बघायची त्याची एक रीत आहे: गरम पाण्यात फडकं पिळायचं, पाईपवर घासायचं आणि फडक्याचा वास घ्यायचा. तसं फडकं घेऊन तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि भाजी चिरणाऱ्या मामीच्या नाकाशी धरून म्हणाला, "घे, वास घेऊन बघ! काही आहे?" मामीने सुरी खाली ठेवली आणि ती उठून बाहेर गेली.

आता मात्र मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी मामीकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मामी, गुडघ्यांचं मला सांगू नकोस. काय झालंय?"

तिने आणखी दोन-तीन घड्या घातल्या. मग म्हणाली, "व्याही आणि विहीणबाई आले होते ना, तेव्हा त्यांना बोटीवर नेलं होतं. मी आत गेले. हे बाहेर त्यांच्याशेजारी बसलेले. मी दांडा मारतेय आणि बाहेरून हे ओरडतायत, 'अजून! अजून मार! मोकळं नाही झालं!' विहीणबाई फिस्सकन हसल्या गं. मला बाहेर यावंसं वाटेना. त्यानंतर गेले एकदोनदा, पण पाणीच प्यायले नाही, म्हणजे जायला नको. उन्हात चक्कर आली. म्हटलं, पुरे झालं."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? एवढ्या वर्षांत त्यांना कळू नये?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं मामाने तीन संडास बदलले आणि तोंड तेवढं तसंच ठेवलं! सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. मी तडक त्याच्या दुकानात गेले आणि चांगले टोचले.

मामा पांढराफटक पडला. हातातलं रबर फिरवत बसला.

"मी पाईपशी बोलत होतो गं," तो म्हणाला. "तिच्याशी नाही."

"हे तिला कसं कळणार?"

"नाही कळणार," म्हणाला, आणि मान खाली घातली. मला वाटलं, थोडं कमी टोचलं असतं तरी चाललं असतं.

घरी जाऊन तो काय बोलला मला माहीत नाही. पण शनिवारी मामीचा फोन आला. "उद्या शेवटचं जाऊन येते म्हटलं बोटीवर. तू येशील ना? तू असशील तरच."

निघालो. मामीने सुकाणू धरलं, पण गाणं काही म्हटलं नाही. बरंच लांब गेल्यावर तिने सुकाणू माझ्या हातात दिलं आणि कुणाकडे न बघता आत गेली. आतून कडी लागली.

थोड्या वेळाने दांड्याचा आवाज सुरू झाला. मामाचे डोळे सवयीने मिटले, ओठ हलायला लागले. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. आणि आवाज थांबला. लवकर थांबला. ते मलासुद्धा कळलं, तर त्याला कळणार नाही? दाढ ठणकावी तसा त्याचा चेहरा झाला. तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं, शेजारचा दोर उचलला आणि चांगली बांधलेली गाठ सोडून परत बांधायला घेतली.

मामी बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय हो, झाला का पाईप मोकळा?"

"कोण जाणे," मामा गाठीकडे बघत म्हणाला. "मला काही ऐकूच आलं नाही. कान गेले वाटतं माझे."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. हसली नाही, पण तिचे डोळे भरून आले होते.

"डॉक्टरला दाखवा मग," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बाकावर बसली. "आणि ती पाण्याची बाटली द्या इकडे."

मान वर करून ती घटाघटा अर्धी बाटली प्यायली. मामाने दुसरी काढली, झाकण सैल केलं आणि तिच्या हाताशी ठेवून दिली.