जांभळाच्या बिया आणि मुंग्या

जांभूळ म्हटलं की लोकांना रंगलेली जीभ आठवते. मला खलबत्त्यावर वाकलेली आई आठवते आणि अजून संताप येतो. कोणाचा, ते मात्र मला धड सांगता येत नाही.

देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही हैदराबादकर अजून निजामाच्याच राज्यात होतो. नल्लकुंट्याला आमचं बिऱ्हाड होतं. वडील शाळामास्तर. त्यांना मधुमेह होता, रोज इन्शुलिनची सुई लागे. संस्थानाची नाकेबंदी झाली आणि मुंबईहून येणारं औषध थांबलं. कोठी बाजारातला औषधवाला आईला म्हणाला, "सरहद बंद है अम्मा, माल कां से लाऊं?"

बुडत्याला काडीचा आधार. आई आपल्या माहेरच्या औषधाकडे वळली. जांभळाच्या बिया सावलीत वाळवायच्या, कुटून वस्त्रगाळ करायच्या आणि ते चूर्ण सकाळ-संध्याकाळ ताकातून द्यायचं. दारावर तेलुगू फळवाली "नेरेडु पण्डलु" ओरडली की जांभळांची अख्खी टोपली घरात यायची. आम्ही भावंडं घसा धरेपर्यंत जांभळं खायचो. "पोरं कसली, बिया काढायचं यंत्र आहे," असं वडील चिडवायचे. शेजारच्या मुसलमान खालासुद्धा आपल्या घरच्या बिया धुऊन पाठवायच्या.

औषध लागू पडलं की नाही, हे बघायची आईकडची रीत वेगळीच होती. परसातल्या मोरीत वडील लघवीला बसत, तिथे मुंग्या लागतात का, ते ती रोज जाऊन बघायची. त्यांचा आजार तिने असाच ओळखला होता, डॉक्टरांच्याही आधी. श्रावणात मुंग्या दिसेनाशा झाल्या. आईने धावत जाऊन खालांना मिठी मारली. वडिलांच्या पायाची जखम चिघळत होती, तहान भागत नव्हती, पण मुंग्या नव्हत्या ना! गणपतीला तिने त्यांच्या पानात मोदक वाढले, वर आग्रहही केला. ते हसत जेवले.

पुढच्या काही दिवसांत ते अंथरुणाला खिळले. आई लघवीचं भांडं खाटेशीच ठेवू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांड्याला मुंग्यांची रांग लागलेली होती.

"अहो, हे काय?"

वडील भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मोरीत मी रोज पाणी ओतत होतो गं. तू इतकी राबत होतीस."

भारताची फौज शहरात आली, त्या दिवशी रस्त्यावर जयजयकार चालला होता आणि घरात वडील बेशुद्ध पडले होते. कोठीत पुन्हा सुया मिळू लागल्या, तोवर त्यांचं तेरावंही उरकलं होतं.

येणारे-जाणारे आईची समजूत काढायचे, "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणूनच केलं हो त्यांनी." एकदा माझी वेणी घालता घालता तिचे हात थांबले.

"मला खरं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी निदान मोदक तरी वाढले नसते."